मूळपुरुषांना पाय नव्हते

पाटेवाडीच्या मूळपुरुषांचा चेहरा कोणी पाहिलेला नव्हता, आणि ही अडचण आहे असं इतक्या शतकांत कोणाला वाटलंही नव्हतं. आदोजी आणि सिदोजी हे सख्खे भाऊ सहाशे वर्षांपूर्वीच्या दुर्गादेवीच्या दुष्काळात माणदेशातून निघाले. पुढे थोरला, मागे खांद्यावर वासरू घेतलेला धाकटा. मलकापूरच्या अलीकडे, कडवी नदीच्या अंगाला, एका झऱ्याशी वासरानं पाण्याला तोंड लावलं आणि तिथंच दोघांनी बस्तान मांडलं. त्यांच्याविषयीची माहिती एवढीच. थोरल्याचे वंशज ती थोरली पाती, धाकट्याचे ती धाकटी. गावामागच्या टेकावर दोन ओबडधोबड दगड होते, डावा आदोजी, उजवा सिदोजी. शेंदूर इतक्या पिढ्यांचा बसलेला की आत दगड किती उरला असेल ते सांगणं कठीण. नाक नाही, डोळे नाहीत. पण भागत होतं.

आकाराम याच गावचे, धाकट्या पातीतले. गावच्या उपसा सिंचन संस्थेत पाणी सोडायचं काम त्यांनी मिसरूड फुटल्यापासून संस्थेनं हार घालून घरी पाठवेपर्यंत केलं. नदीवरची मोटार चालू करायची, पाणी वरच्या हौदात चढवायचं आणि व्हॉल्व्ह फिरवून ज्याची पाळी असेल त्याच्या उसात सोडायचं. हे काम करणारा माणूस गावात फार दिवस सरळ राहत नाही. कोणाच्या घरी कोंबडं कापलं जातं, कोणी बाटली धरतो, आणि पाणी त्या शेतात जरा जास्त रेंगाळतं. आकाराम यांच्या हातून ते कधी रेंगाळलं नाही. सरपंचाचा ऊस आणि रांडावलेल्या बाईचा ऊस त्यांच्या लेखी सारखाच तहानलेला. त्यामुळे गावात त्यांना मान होता आणि मित्र फारसे नव्हते.

मूलही नव्हतं. निदान गावाच्या हिशेबी नव्हतं.

हा हिशेब समजून घ्यायला हवा. चैत्रातल्या जत्रेला, मागच्या जत्रेपासून जन्माला आलेलं प्रत्येक मूल टेकावर आणायचं आणि दोन दगडांपुढे क्षणभर उघड्या मातीवर निजवायचं. याला ‘पायावर घालणं’ म्हणतात. गुरव मोठ्यानं नाव पुकारतो, ते दोन्ही भावांच्या कानावर जातं, आणि मूल गावात धरलं जातं. मुलगा असो की मुलगी. या एका बाबतीत पाटेवाडी सरकारच्या पुढे होती. त्यानंतर झऱ्याच्या पाण्याची घागर फिरते. ज्यांचं मूल कधी ना कधी पायावर घातलं गेलंय त्यांनी मूळपुरुषांना पाणी घालायचं. ज्यांचं घातलं गेलेलं नाही त्यांना कोणी ‘नको’ म्हणत नाही. गाव तेवढं उद्धट नाही. फक्त घागर त्यांच्यापाशी आली की देणाऱ्याचा हात पलीकडच्या माणसाकडं वळतो. आकाराम आणि त्यांची बायको बाळाबाई दर वर्षी त्या रांगेत उभी राहत. घागर दर वर्षी वळत असे. दुसऱ्या दिवशी आकाराम पुन्हा व्हॉल्व्हवर आणि घागर वळवणारा आपल्या उसात, पाण्याची वाट बघत.

आता चीन.

थोरल्या पातीचे कारभारी बाळासो यांचा मुलगा राजवर्धन कोल्हापुरात एका फाउंड्रीत नोकरीला. कंपनीनं त्याला एक यंत्र बघायला चीनला पाठवलं. सुट्टीच्या दिवशी तिथल्या लोकांनी त्याला पिवळ्या नदीच्या काठी नेलं. तिथं एका डोंगरातून दोन राजांची मस्तकं वर आलेली. हे राजे चिनी लोकांचे मूळपुरुष, पुराणकाळचे. शंभर मीटरच्या वर उंची आणि बांधायला लागलेली वीस वर्षं. त्यांनाही कोणी पाहिलेलं नाही, पण तिकडं तेवढ्यासाठी काम अडलं नव्हतं. राजवर्धननं फोटो काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘आपले पण दोघंच आहेत.’

बाळासोंनी तो फोटो पारावर सगळ्यांना दाखवला. “चीनवाल्यांचं दोन, मग आमचं काय दीड हाय व्हय?”

एवढ्यावर समिती झाली. शंभर मीटर जरा जास्त होतात असं सर्वानुमते ठरल्यावर गाव पन्नास फुटांवर आलं. थोरल्या पातीचं म्हणणं, आदोजी उंच पाहिजे. धाकटीचं म्हणणं, वासरू कोणी उचललं होतं ते आधी सांगा. शेवटी उंची सारखी आणि आदोजी वीतभर पुढं, असा तह झाला. बाकी सगळं फोटोप्रमाणं करायचं. छातीपासून वर, डोंगरातून उगवल्यासारखं. शेंदराचे दोन दगड भटजी बोलावून विधिपूर्वक चौथऱ्याच्या पोटात ठेवले आणि त्यावर काँक्रीट ओतलं. मूळपुरुष आत आणि मूळपुरुष वर, म्हणजे दुहेरी पक्कं काम.

काम मलकापूरच्या रफिक गवंडी यांना दिलं. या भागातल्या गावांच्या कमानींवर जे सिमेंटचे पैलवान मांडी थोपटत उभे असतात आणि जे बैल शिंगं रोखून रस्त्याकडं बघतात, त्यांतले बरेचसे रफिकभाईंचे. त्यांची एक रीत होती. माणूस घडवायचा तर जिवंत माणूस समोर लागतो. मनानं केलेलं तोंड कुणाचंच होत नाही, ते बाहुलं होतं, असं त्यांचं ठाम मत. हातकणंगल्याच्या बाजूला एका कमानीवरच्या पैलवानाला त्यांनी तिथल्याच चहावाल्याचा चेहरा दिलाय. चहावाल्याची बायको अजून त्या कमानीखालून जात नाही, शेताच्या बांधावरून फेरा घालून जाते.

रफिकभाई चेहरा शोधतायत हे कळताच गावातल्या म्हाताऱ्यांनी दाढ्या केल्या. बाळासोंनी आपल्या आजोबांचा पिवळा पडलेला फोटो आणून दिला. धाकट्या पातीतूनही एक फोटो आला. रफिकभाईंनी दोन्ही फोटो आदरानं घेतले आणि सिमेंटच्या शेडमध्ये खिळ्याला लावले.

शेडची राखण आकाराम यांच्याकडं होती. आणि पाणी मारण्याचं कामही. सिमेंटचं काम रोज भिजवावं लागतं, नाहीतर तडे जातात. आकाराम सकाळ-संध्याकाळ पाइप घेऊन परांचीवर चढत आणि आदोजी-सिदोजींच्या छातीखांद्यांवर पाणी सोडत, सगळीकडं सारखं. याला अभिषेक म्हणत नाहीत, क्युअरिंग म्हणतात. त्यामुळे यावर कोणाची हरकत नव्हती.

रफिकभाईंचं दुपारचं जेवण आकाराम यांच्या घरून येई. एकदा भाकरी मोडता मोडता ते थांबले आणि समोर बसलेल्या आकाराम यांच्याकडं बघत राहिले. उन्हापाण्यानं खणलेलं तोंड. गावातल्या निम्म्या लोकांचं असतं तसं नाक, मधे जरा उंचवटा असलेलं. आणि भुवयांखाली कुठंतरी लांब बघणारे डोळे, उसाच्या शेवटच्या सरीपर्यंत पाणी पोचलं का ते बघणारे.

“आबा, तोंड द्या तुमचं.”

“घे की. कुटं न्ह्यायचंय?”

“वर.”

आकाराम हसले. मग हसायचे थांबले. हात धुऊन टॉवेलला पुसले, परत पुसले.

“चेष्टा करतुयास व्हय?”

“पोटाच्या कामात चेष्टा करतोय व्हय मी?”

“रफिकभाई, माझ्यामागं कोन न्हाई. म्या गेलो की ह्ये तोंड गेलं. घरात फोटू लावायला बी कोन न्हाई.”

“मग तर द्याच. सिमिटात लई वर्सं ऱ्हातंय.”

“आन गावाला?”

“गावानं इचारलं तर सांगू. गाव इचारत न्हाई आबा, गाव सांगतंय.”

आकाराम यांनी आयुष्यात कुठल्याच गोष्टीची हाव धरली नव्हती. आता धरली. ते रोज दुपारी बसू लागले, मान सरळ, डोक्याला पटका, आणि रफिकभाई शाडूत त्यांचं तोंड उतरवू लागले. घरी बाळाबाईंना त्यांनी काही सांगितलं नाही. फक्त रोज दाढी करू लागले, तेव्हा बाळाबाईंनी विचारलं, “नवरीबिवरी बगायला चाललाय काय या वयात?”

दोन्ही भावांना एकच चेहरा द्यायचं रफिकभाईंनी ठरवलं. सख्खे भाऊ सारखेच दिसणार, आणि दोन्ही पात्यांना तक्रारीला जागा नको. शाडूवरून सिमेंटमध्ये नाक उठलं, गाल बसले, ओठ मिटले. डोळ्यांच्या जागा तेवढ्या गुळगुळीत ठेवल्या. डोळे शेवटी, ही त्यांच्या वडिलांपासूनची पद्धत.

परांचीची हिरवी जाळी सोडून काम दाखवायच्या दिवशी सगळं गाव टेकावर आलं. जाळी खाली आली आणि लोक दोन पावलं मागं सरले. एवढं मोठं तोंड जवळून बघण्याची कोणालाच सवय नव्हती.

बाळासो पुढं होऊन म्हणाले, “आमचा आजा. हुबेहूब आजा! फोटूवरनं काडलं, पन काय काडलं!”

“सोडा वो,” धाकट्या पातीतून आवाज आला, “ह्ये तात्याचं नाक हाय. आमच्या तात्याचं.”

दोघंही तसे खोटे नव्हते. एकाच रक्ताची माणसं, एकच नाक पिढ्यान्‌पिढ्या फिरत आलेलं. आकाराम यांच्या तोंडात ज्यानं त्यानं आपला म्हातारा पाहिला, आणि रफिकभाई खाली मान घालून थापी पुसत राहिले. हे इथंच संपलं असतं.

पण बाळाबाई जेवणाचा डबा घेऊन टेकावर आल्या. आजूबाजूला बायका हात जोडून उभ्या. बाळाबाईंनी वर पाहिलं. त्यांनी हात जोडले नाहीत. चटकन पदर डोक्यावर घेतला, पुढं ओढला आणि जरा तिरक्या झाल्या, जशा त्या चार वडीलधाऱ्यांत नवरा अचानक समोर आला की इतकी वर्षं होत आल्या होत्या.

शेजारी काठी टेकून बाळासोंच्या आई उभ्या होत्या. सगळं गाव त्यांना आक्का म्हणतं. त्या म्हणाल्या, “अगं, हात जोड की. पदर काय घेतीस?”

“घरातल्या मान्साला हात कसं जोडू, आक्का?”

हे त्या हळूच म्हणाल्या, पण टेकावर वारं नव्हतं. माणसं आधी वर बघायला लागली, मग खाली, जिथं आकाराम पाइपाची गुंडाळी करत उभे होते. पुन्हा वर. एकदा दिसल्यावर मग दुसरं काही दिसेना. आजा गेला, तात्या गेला. पन्नास फुटांवर दोनदा आकाराम.

बैठक त्याच संध्याकाळी शाळेच्या वऱ्हांड्यात भरली. बाळासो काही वाईट माणूस नव्हते. पण त्यांची सून, राजवर्धनची बायको निशिगंधा, पोटुशी होती आणि दिवस भरत आले होते.

“आकाराम, राग मानू नगंस,” ते म्हणाले. “पन ह्यो वंशाचा बाप. अख्ख्या गावाचा बाप. त्येला निपुत्र्याचं तोंड? माजं नातवंड उद्या त्येच्याम्होरं घालायचंय. कसं घालू सांग.”

“तोंड चांगलं हाय की पन,” मागून एकजण म्हणाला.

“चांगलं हाय म्हनून पैलवानाच्या कमानीवर घाला, हितं नगं.”

मग कोणाच्या तरी डोक्यातून तोड निघाली. आकाराम यांनी दत्तक घ्यावा. दत्तक घेतला की निपुत्रिक राहत नाही, आणि तोंडही राहतं. ही कल्पना एवढी पसंत पडली की तिथल्या तिथं तीन जणांनी आपापले धाकटे मुलगे देऊ केले. आकाराम यांची थोडी जमीन हौदाला लागूनच आहे, हा योगायोग.

“बोल आकाराम. व्हय म्हन, इषय मिटला.”

आकाराम बोलायच्या आत वऱ्हांड्याच्या पायरीवरून बाळाबाई बोलल्या. बैठकीत बायका बोलत नाहीत असं नाही, पण बाळाबाई बोलत नसत.

“आमाला झालतं की.”

कोणाला कळेना.

“लेक झालती आमाला. तुमी धरली न्हाई.”

गाव जे विसरलेलं असतं ते कोणाला तरी आठवत असतंच. बाळाबाईंना लग्नानंतर तिसऱ्या वर्षी मुलगी झाली होती. जत्रा होऊन गेल्यावर जन्मली आणि पुढची जत्रा यायच्या आत, माघात, तापानं गेली. नऊ महिने जगली. रांगत होती. पण दोन जत्रांच्या मधे आली नि गेली म्हणून पायावर घातली गेली नाही, गुरवानं नाव पुकारलं नाही, आणि गावाच्या हिशेबात ती आलीच नाही. ओढ्याकाठच्या करंजीखाली तिला पुरलं. त्यानंतर मूल झालं नाही.

“दत्तक घ्या म्हंतासा,” बाळाबाई म्हणाल्या. “घिऊ की. पन दत्तक घिऊन काय म्हनायचं? आमाला काय नव्हतंच, असं म्हनायचं?”

आक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या काळात गावातली बाळंतपणं त्याच करत. “माज्या हातावर आलती ती,” त्या म्हणाल्या. “पुनवंला. पूर्निमा नाव ठेवलं हुतं. केस लई हुतं पोरीला.”

बाळासो आईकडं बघत राहिले. “आक्का, तू हे कदी बोलली न्हाईस.”

“कुनी इचारलं व्हय?”

मग आकाराम उठले. भाषण करायची त्यांना सवय नव्हती. संस्थेत त्यांचं बोलणं म्हणजे उद्या अमक्याची पाळी, एवढंच.

“इतकी वर्सं पानी सोडलं. कुनाचं तोडून कुनाला दिलं आसंल तर सांगा. कदी काय मागितलं आसंल तर सांगा. ह्ये येक मागतोय. तोंड ऱ्हाऊ द्या.”

कोणी काही सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. पण आकाराम यांनी काही मागण्याची ही पहिलीच वेळ असल्यामुळे त्यांना द्यायचं कसं, याची गावाला सवय नव्हती. सगळे आपापल्या चपलांकडं बघत बसले. ज्यांच्या घरात लेकी-सुना गरोदर होत्या ते जास्त वेळ.

शेवटी बाळासोंनी मध्यममार्ग काढला. तोंड फोडायचं नाही. ते पाप गावानं घ्यायचं नाही. पण दाढी घालायची. भरघोस, छातीपर्यंत, दोघांनाही. मिशाही ओठ झाकणाऱ्या, आणि भुवया जाड. जुन्या काळच्या माणसांना दाढ्या असायच्याच. चीनच्या त्या दोघांनाही आहेत; राजवर्धननं फोटो मोठा करून दाखवला. सगळ्यांना एकदम मोकळं वाटलं. बैठकीचा चहा आला.

रफिकभाई शेडमध्ये बसले होते. निर्णय ऐकून त्यांनी आकाराम यांना विचारलं, “काय करू आबा? तुमी म्हनाला तर मी उद्या थापी गुंडाळून मलकापूरला जातो. दुसरा कोन येतोय बघू दे.”

आकाराम यांनी पाइपाची गुंडाळी उचलून खांद्यावर टाकली. मग म्हणाले, “घाल दाढी. कामाला खोळंबा नगं.”

दाढी घातली. आधी लोखंडी जाळी, वर गिलावा, त्यात लाटांसारख्या रेघा. नाकाचा उंचवटा जाड भुवयांच्या सावलीत गेला. मग डोळे केले, पण ते कोणाचेच नव्हते. रफिकभाईंनी त्या दिवशी समोर कोणाला बसवलं नाही. आता तो चेहरा कोणाच्याही आज्याचा राहिला नव्हता, त्यामुळे सर्वांना मान्य झाला. नवीन गिलाव्याला पाणी मारावं लागतं. ते आकाराम यांनीच मारलं. स्वतःच्या तोंडावर चढवलेली दाढी ते रोज दोन वेळा भिजवत होते, तडा जाऊ नये म्हणून.

निशिगंधाला मुलगी झाली. जत्रा तोंडावर आली, तेव्हा आक्का नातसुनेच्या मुलीसाठी जागा बघून ठेवावी म्हणून काठी टेकत टेकावर आल्या. चौथऱ्याभोवती एक फेरी मारली. दुसरी मारली. मग राजवर्धनला हाक मारली.

“काय रं, पाय कुटं हायत?”

“कुणाचे?”

“ह्येंचं. पोरगी घालायची कुटं?”

राजवर्धननं वर पाहिलं. पुरुषभर उंचीचा चौथरा, त्याच्यावर छाती, छातीवर दाढी. जुने दगड काँक्रीटच्या पोटात. जिथं पिढ्यान्‌पिढ्या मुलं निजवली जात ती मातीची जागाच उरली नव्हती. दोन पात्यांच्या उंचीचा वाद झाला होता, नाकाचा झाला होता, दाढीचा झाला होता. पण सगळ्या समितीत कोणाच्याही हे लक्षात आलं नव्हतं की मूळपुरुषांना पाय नाहीत.

राजवर्धननं मोबाइल काढला. “आक्का, चीनमधल्यांना पण नाहीत. हे बघ.”

“तिकडची पोरं तिकडं काय करत्यात ती करू देत. हितं पाय पायजेत.”

समितीची धावपळ उडाली. रफिकभाईंना पुन्हा बोलावणं गेलं. चौथऱ्यासमोर पायांच्या दोन जोड्या, जमिनीलगत, मूल निजवता येईल एवढ्या मोठ्या. चेहऱ्यासाठी चार बैठका झाल्या होत्या. पायांसाठी एकही झाली नाही. पाय हे पायच असतात, असं सगळ्यांचं मत पडलं.

“करा कसंबी,” बाळासो म्हणाले, “पन जत्रंच्या आत.”

रफिकभाई सरळ आकाराम यांच्या घरी गेले. आकाराम अंगणात खाटेवर बसले होते. दाढीच्या बैठकीनंतर ते लोकांत कमीच जात.

“आबा, मानूस समोर लागतोय मला. ठावं हाय न्हवं?”

“तोंड झालं की.”

“तोंडाला कोन आलंय? पाय सोडा खाली.”

आकाराम यांनी पाय खाली सोडले. जन्मभर चिखलात उभे राहिलेले पाय. पसरट, टाचांना भेगा, बोटं एकमेकांपासून फाकलेली, आणि डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसलेली. लहानपणी पाटाच्या दगडाखाली सापडली होती ती.

“ही बी घिऊ?” रफिकभाईंनी करंगळीकडं बोट दाखवलं.

“नगं. देवाला बरं दिसायचं न्हाई.”

“मी तर घेनार.”

सांगाडा झाला, जाळी झाली. शेवटचा गिलावा चढवायच्या दिवशी सकाळी बाळाबाई टेकावर आल्या. हातात डबा नव्हता. पदराच्या टोकात काहीतरी गच्च धरलेलं. रफिकभाई घमेल्यात माल कालवत होते, आकाराम पाणी घालत होते.

“रफिकभाई, माती आनलीया. चालंल का?”

“कसली माती, वैनी?”

बाळाबाईंनी पदराचं टोक उघडून पुढं धरलं. आकाराम यांनी पाण्याची बादली खाली ठेवली. पदराला करंजीचं एक वाळकं पान चिकटलेलं त्यांना दिसलं.

रफिकभाई त्या बैठकीला नव्हते. पण वऱ्हांड्यात बाळाबाई काय बोलल्या ते त्यांच्या कानावर आलं होतं. “सिमिटात माती घालत न्हाईत वैनी,” ते म्हणाले. “तडा जातोय.” मग घमेलं पुढं ओढून म्हणाले, “पन वंजळभरानं काय व्हत न्हाई. द्या.”

त्यांनी सवयीनं चाळणी ओढली आणि माती तिच्यात घेतली.

“चाळू नगंस,” बाळाबाई म्हणाल्या.

रफिकभाईंचा हात थांबला. त्यांनी चाळणी तशीच घमेल्यावर उपडी केली, खडे-मुळ्यांसकट. फावड्यानं न कालवता हातानं कालवलं, हलकेच, जसं कणीक मळतात. मग थापीनं तो माल डाव्या जोडीच्या पावलांवर चढवला, उरलेला उजव्या. आकाराम आणि बाळाबाई तिथं बसून होते. ऊन वर आल्यावर आकाराम उठले आणि चारही पावलांवर ओली पोती घातली.

जत्रेला टेकावर पाय ठेवायला जागा नव्हती. आजूबाजूच्या गावांतून लोक दाढीवाले मूळपुरुष बघायला आले होते. पोरं मूर्तींकडं पाठ करून सेल्फी काढत होती. मग ढोल थांबला आणि मुलं पायावर घालायची वेळ झाली. पहिला मान निशिगंधाच्या मुलीचा. आक्का तिला हातावर घेऊन पुढं झाल्या. गुरवानं नाव पुकारायला तोंड उघडलं.

“थांब,” आक्का म्हणाल्या. “आदी पूर्निमा म्हन.”

“कुनाची पूर्निमा?”

“तू म्हन की.”

गुरवानं बाळासोंकडं पाहिलं. बाळासोंनी आपल्या आईकडं, मग हातावरच्या नातीकडं, मग रांगेच्या टोकाला उभ्या असलेल्या जोडप्याकडं. त्यांनी मान हलवली. गुरवानं दोन्ही हात तोंडाशी नेऊन दाढीवाल्या मस्तकांकडं बघत पुकारलं, “पूर्निमाऽऽ!” समोरच्या पायांवर कोणी मूल ठेवलं नव्हतं. तो क्षण तसाच रिकामा गेला. नंतर आक्कांनी आपली पणती आदोजीच्या डाव्या पावलावर, चढलेल्या करंगळीच्या बाजूला निजवली. तिनं पाय झाडले आणि रडायला लागली. सगळे हसले, आणि मुलं एकामागून एक पायावर येऊ लागली.

गर्दीतून बाळाबाईंना ती पावलं आता दिसली, पोती काढल्यावर पहिल्यांदाच. त्यांचा हात आपोआप वर गेला. पदर डोक्यावर आला, पुढं ओढला गेला. आजूबाजूच्या बायकांनी ते पाहिलं. त्यांनी पावलांकडं पाहिलं, करंगळीकडं पाहिलं, आकाराम यांच्या अनवाणी पायांकडं पाहिलं. आणि मग सगळ्या दुसरीकडं बघायला लागल्या. आदोजी-सिदोजीच्या पायांविषयी पाटेवाडीत त्या दिवशी कोणी काही बोललं नाही, आणि नंतरही नाही.

झऱ्याच्या पाण्याची घागर निघाली. थोरल्या पातीनं पाणी घातलं, मग धाकटीनं. घागर रांगेच्या टोकाला आली. ती बाळासोंच्या हातात होती. आकाराम यांनी सवयीप्रमाणं अंग चोरून पलीकडच्या माणसासाठी जागा केली.

“कुटं सरकतोयास?” बाळासो म्हणाले. “धर.”

आकाराम यांनी घागर धरली. बाळाबाईंनी खालून हात लावला. दोघं चौथऱ्यापाशी गेले. आकाराम यांनी घागर तिरकी केली आणि बारीक धारेनं, घाई न करता, आधी एका भावाच्या दोन पायांवर, मग दुसऱ्याच्या दोन पायांवर पाणी सोडलं. थांबून पाहिलं, जिथं कमी वाटलं तिथं आणखी थोडं. घागर रिकामी झाली तेव्हा चारही पाय सारखे भिजले होते. कुठल्याच पातीची तक्रार आली नाही.